जादूगार दुकानदाराची वही

छोट्याशा गावात खून पडतो. पोलीस भलत्याच माणसाला धरतात. चौकात सुगंधी मेणबत्त्यांचं, पुस्तकांचं किंवा औषधी मुळ्यांचं दुकान चालवणारी एक बाई असते आणि तिला आजीकडून थोडी जादू वारशाने मिळालेली असते. ती गल्ल्यावर बसल्या बसल्या चार गिऱ्हाइकांशी बोलते, मंत्राने एखादी खूण उमटवते आणि शेवटच्या प्रकरणात खरा खुनी उघडा पडतो. इंग्रजीत अशा कादंबऱ्या शेकड्यांनी निघतात. त्यांना 'कोझी मिस्टरी' म्हणतात, कारण त्यात रक्त फारसं सांडत नाही आणि चहा मात्र बराच प्यायला जातो. मराठीत हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळापहाड दिले, नारायण धारपांनी अमानवी शक्तींशी झुंजणारा समर्थ दिला. पण चौकातला वाणी गुप्तहेर झालेला माझ्या वाचनात नाही. आपल्या कथांमध्ये वाणी येतो तो मापात पाप करायला किंवा उधारीसाठी दारात उभा राहायला. खरं तर बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर, देऊळगाव राजा किंवा नांदुऱ्यासारख्या गावात ही गोष्ट बेतली, तर तिचा एक अर्धा भाग आश्चर्य वाटावं इतका खरा ठरेल आणि दुसरा अर्धा धोकादायक. खरा भाग दुकानाचा. धोकादायक भाग जादूचा, कारण गुन्ह्याच्या तपासातली सर्वांत अवघड पायरी जादू अलगद ओलांडून जाते. ही पायरी म्हणजे कळणं आणि सिद्ध होणं यांतलं अंतर.

आधी जादूचं पाहू. गुन्हेगार दैवी मार्गाने शोधण्याची रीत आपल्याकडे परकी नाही. देवऋष्याकडे किंवा भगताकडे जाऊन चोर 'काढणं', अंगठ्याच्या नखावर काजळ लावून लहान मुलाला त्यात पाहायला लावणं, तांब्या फिरवणं, देवाला कौल लावणं हे प्रकार वऱ्हाडात आणि मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांच्यामागे राजमान्य परंपराही होती. याज्ञवल्क्य स्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्यं सांगितली आहेत. पुढच्या स्मृतिकारांनी चोरीच्या संशयासाठी तांदळाच्या दिव्याची भर घातली. मराठेशाहीत वतनाच्या भांडणातही दिव्य होई. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, मग हात बांधून त्यावर मोहोर लावायची आणि काही दिवसांनी पिशवी सोडून फोड आले की नाही ते पंचांसमक्ष पाहायचं. तांदळाचं दिव्य यापुढे सौम्य म्हणायचं. संशयितांना ओळीने बसवून प्रत्येकाला मूठभर कोरडे तांदूळ चावायला द्यायचे आणि पानावर थुंकायला सांगायचं. ज्याचे तांदूळ कोरडे राहिले, थुंकीत रक्त दिसलं किंवा जबडा थरथरला, तो चोर.

इथे कुणी म्हणेल, यात तथ्य आहेच की! भीतीने तोंडाला कोरड पडते, लाळ आटते, हे शरीरशास्त्र मान्य करतं; म्हणजे जुन्या लोकांना काहीतरी कळलं होतं. कळलं होतं, हे खरं. पण ओळीत बसलेल्यांपैकी भीती कुणाला जास्त वाटते याचा विचार केला की हे शास्त्र डळमळतं. मालकाचा मुलगा आणि मालकाचा सालदार शेजारी बसले आहेत. दागिना कुणी चोरला हे देव जाणे. पण चोर ठरलो तर मार कुणाला बसेल, हे दोघांनाही ठाऊक आहे. कोरड सालदाराच्याच तोंडाला पडणार. चाचणी भीती मोजते, आणि गावात भीतीची वाटणी सारखी नसते. ही चूक फक्त अडाणी भगताची नव्हे. सत्यशोधक यंत्र, नार्को चाचणी, मेंदूची विद्युत चाचणी ही त्याच दिव्याची पांढरा कोट घातलेली भावंडं. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या चाचण्या संशयितावर सक्तीने करण्यास मनाई केली, ती याच कारणांच्या जवळ जाणाऱ्या कारणांसाठी.

महाराष्ट्रात तर या गोष्टीला एक विदारक पदर आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैदेची तरतूद त्यात आहे. पुढच्या वर्षी एका इंग्रजी साप्ताहिकाने आरोप केला, की याच खुनाच्या तपासात प्लँचेटचा आधार घेतला गेला. संबंधित अधिकाऱ्याने इन्कार केला, त्यामुळे तो आरोप आरोपच राहिला. मात्र मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना दोषी ठरवलं आणि तिघांना सोडलं. गोळ्या झाडणाऱ्यांची ओळख पटवणाऱ्या पुराव्यात महापालिकेच्या एका सफाई कामगाराची साक्ष महत्त्वाची होती. सकाळी रस्त्यावर असणं हे ज्याचं रोजचं काम, त्याने पाहिलं आणि न्यायालयात येऊन सांगितलं. रहस्यकथेच्या भाषेत बोलायचं तर इथे जादूगाराला बाजूला सारून चौकातला माणूस पुढे आला.

आता दुकान. खुनाच्या इतिहासात दुकानदाराला कायद्यानेच गुप्तहेर केलं, आणि तेही सोमलामुळे. सोमल म्हणजे आर्सेनिक. पांढरा, बेचव, उंदरांसाठी म्हणून कुठेही मिळणारा आणि लक्षणं हगवण-ओकारीची. पटकी म्हणून खपून जाणारा हा खून एकोणिसाव्या शतकात फार सोपा होता. जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने १८३६ मध्ये शरीरातला सोमल ओळखण्याची खात्रीची चाचणी दिली. पण विष सापडलं तरी ते कुणी आणलं हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर म्हणून ब्रिटनने १८५१ मध्ये सोमल विक्रीचा कायदा केला. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याने कारण सांगून सही करायची, थोडा माल असेल तर त्यात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे तो पांढरा राहणार नाही. आणि या कायद्यातलं सगळ्यात गमतीचं कलम: दुकानदार ज्याला ओळखत नाही अशा माणसाला सोमल विकायचाच नाही, विकायचा तर दुकानदाराच्या ओळखीचा साक्षीदार समोर हवा. छोट्या गावातल्या दुकानदाराला सगळे ठाऊक असतात, ही गावगप्पांच्या पातळीवरची गोष्ट संसदेने थेट कलमात बसवली.

लगेच १८५७ मध्ये ग्लासगोच्या एका प्रकरणात त्याची परीक्षा झाली. मॅडेलीन स्मिथ या श्रीमंत घरच्या तरुणीवर प्रियकराला सोमल पाजल्याचा आरोप होता. औषधविक्रेत्यांच्या वह्यांत तिच्या सह्या होत्या, कारणाच्या जागी उंदीर आणि बाग. दुकानदारांनी साक्ष दिली. तरी ज्युरीने 'आरोप सिद्ध नाही' असा स्कॉटिश कायद्यातला मधला निकाल दिला, कारण विष विकत घेतलं एवढं वहीने सांगितलं, पाजलं हे सांगितलं नाही. वहीचा दुसरा कच्चा दुवा ॲगाथा ख्रिस्तीने हेरला. पहिल्या महायुद्धात ती रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत होती, विषांची ओळख तिला तिथे झाली, आणि १९२० मध्ये आलेल्या तिच्या पहिल्याच कादंबरीत गावच्या औषधविक्रेत्याच्या विषवहीतली सही हाच सगळ्या गुंत्याचा गाभा आहे. सही दिसते ती कुणा एकाची, आणि दुकानात आलेला माणूस खरंच तोच होता का, हा प्रश्न. ख्रिस्तीच्या या कथेत जादूचा लवलेश नाही, तरी ती आजच्या सगळ्या जादूगार दुकानदारणींची पणजी शोभते.

आपल्याकडे १९१९ चा विष अधिनियम आहे. त्याला खरी जाग आली ती ॲसिड हल्ल्यांनंतर. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: काउंटरवर ॲसिड विकायचं तर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, प्रमाण आणि कारण वहीत हवं, सरकारी ओळखपत्र पाहायला हवं, आणि अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही. चूक झाली तर पन्नास हजारांपर्यंत दंड. १८५१ आणि २०१३ या दोन वह्यांमध्ये फरक ओळखपत्राचा, तत्त्व एकच. बुलढाण्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात मात्र ॲसिडपेक्षा कीटकनाशक जास्त हाताशी असतं. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली कृषी केंद्राला परवाना, बिल आणि साठ्याची नोंद सक्तीची आहे. ही तरतूद मुख्यतः बनावट औषध रोखण्यासाठी. पण संशयास्पद मृत्यूच्या तपासात बाटलीवरच्या बॅच क्रमांकापासून बिलापर्यंत आणि बिलापासून गिऱ्हाइकापर्यंत मागे जाता येतं. घेणाऱ्याच्या नावावर असलेलं औषध शेजाऱ्याने मागून नेलेलं असू शकतं, हे खरं. पण 'शेजाऱ्याने मागून नेलं' हे वाक्यही मग तपासता येतं. भगताने घेतलेलं नाव तसं तपासता येत नाही, आणि माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे.

दुकानाची साधी वहीसुद्धा काय सांगते ते जवळून पाहण्यासारखं आहे. रोजकीर्दीत त्या दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने येतो. खतावणीत तोच व्यवहार माणसाच्या खात्यावर चढतो. त्यामुळे एकच गोष्ट दोन ठिकाणी, दोन वेगळ्या रांगांत असते. नंतर कुणी खतावणीत एक ओळ घुसवली, तर कीर्दीत तिला जागा सापडत नाही, कारण तिच्या आधीचं आणि नंतरचं गिऱ्हाईक आधीच तिथे बसलेलं असतं. शिवाय नेहमीचं खातं म्हणजे सवयींचा नकाशा. दर अमावास्येच्या आसपास पंधरा किलो ज्वारी नेणारं घर अचानक पाच किलोवर आलं, विडीच्या बंडलाची नोंद बंद झाली, नायलॉनची दोरी आणि कुलूप एकाच दिवशी गेलं, हे लिहिताना दुकानदाराला काहीही ठाऊक नसतं. ठाऊक नसताना लिहिलेलं म्हणूनच ते मोलाचं. कायद्याने याची कदर केली आहे आणि लगामही घातला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ३४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात कलम २८ झालं, सांगतं: धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतल्या नोंदी पुराव्यात येतील, पण केवळ त्यांच्यावर कुणावर दायित्व लादता येणार नाही. जैन हवाला प्रकरणात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुट्या कागदांना हिशेबवही मानलंच नाही, आणि देशातल्या बड्या नेत्यांवरचे आरोप तिथे गळून पडले. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावला १८७० मध्ये रेल्वे आली आणि कापसाच्या बाजारामागोमाग आडत्यांच्या लाल वह्यांचे गठ्ठे वाढले. त्या वह्यांनाही न्यायालयात हाच नियम लागायचा. वही बोलते, पण तिला जोडीदार लागतो.

दुकानापर्यंत मागे जाऊन कोडं सोडवण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बुलढाण्यातच अलीकडे घडलं. खून नव्हता, पण तपास खुनाच्या तपासासारखाच. डिसेंबर २०२४ अखेरीस शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस अचानक, तीन-चार दिवसांत झडू लागले. वाहिन्यांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव ठेवून टाकलं. गावात भीती पसरली. संशय पाण्यावर गेला, बुरशीवर गेला, शाम्पूवर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली. विंचूदंशावरच्या उपचारासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी स्वतंत्रपणे नमुने तपासले आणि १८ गावांतल्या २७९ रुग्णांच्या या प्रकरणात सेलेनियमकडे बोट दाखवलं. रुग्णांच्या केसांत ते नेहमीच्या कित्येक पट आढळल्याचं त्यांनी सांगितलं. सेलेनियम कुठून? त्यांचं उत्तर होतं रेशन दुकानातून आलेला गहू. पंजाबच्या काही भागांत मातीतच सेलेनियम भरपूर आहे, त्या पट्ट्याचा त्यांनी उल्लेख केला. गव्हाबाबतच्या या निष्कर्षावर प्रशासनाकडून आक्षेप आले. पण पद्धत पाहा. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या वयांत, वेगवेगळ्या विहिरींवर काय समान आहे हे शोधत गेलं, की एक दुकान लागतं. आणि रेशन दुकानात कुणी, कधी, किती नेलं हे आता अंगठ्याच्या ठशासह यंत्रात असतं. पूर्वी काजळ लावलेल्या अंगठ्यात चोर दिसायचा. आता तोच अंगठा गव्हाचा हिशेब देतो.

या सगळ्यावरचा सर्वांत जड आक्षेप असा, की दुकानदार काही तटस्थ नसतो. वही त्याच्या हातची, शाई त्याची, व्याजही त्याचंच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले तेव्हा त्यांचा रोख खतं आणि वह्या जाळण्यावर होता. कागद हेच सावकाराचं हत्यार आहे हे त्यांना नीट कळलं होतं. आणि 'गावाला सगळं माहीत असतं' या वाक्यात माहिती किती आणि पूर्वग्रह किती? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो रद्द झाला. पण बुलढाणा जिल्ह्यात कुठे चोरी झाली, की फासेपारध्यांच्या वस्तीकडे आजही मान वळते. चौकातल्या दुकानदाराला विचारलं, तर तो कदाचित त्याच दिशेला हात करील. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच दुकानदाराचं मत आणि दुकानदाराची नोंद वेगळी धरायला हवीत. कोझी कादंबरीची गफलत नेमकी इथे होते. तिथली दुकानदारीण माणसं 'ओळखते', आणि तिची ओळख कधीच चुकत नाही, कारण लेखिकेनेच खुनी ठरवलेला असतो. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पावसापाण्याचं भाकीत सांगितलं जातं, आणि ऐकणारे लोक खरं ठरलेलं ध्यानात ठेवून चुकलेलं सोडून देतात. पावसाच्या भाकितात ही सवय फार तर पेरणी बिघडवते. खुनाच्या तपासात त्याच सवयीने निरपराध माणूस कोठडीत जातो.

दुसरा आक्षेप काळाचा: असं दुकान आता उरलंय कुठे? उधारीची वही जाऊन यूपीआय आलं, आणि मॉलमधल्या मुलाला गिऱ्हाइकाचं नावही ठाऊक नसतं. मला यात दुकानदाराचं काम संपलेलं दिसत नाही, फक्त त्याची स्मृती भिंतीवर चढलेली दिसते. तालुक्याच्या गावात आज खून झाला, की तपास पथक आधी रस्त्यावरच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांकडे धावतं. सराफाचा, मोबाइलवाल्याचा, मेडिकलचा, पेट्रोल पंपाचा. पण कॅमेऱ्यालाही वहीसारखाच लगाम आहे, आणि तो लगाम घट्ट करणारा निकाल बुलढाण्याच्या शेजारच्या जालन्यातून गेला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत भरला की नाही, हे दाखवणाऱ्या चित्रफितीवरून खोतकर-गोरंट्याल या उमेदवारांमधला वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने ठरवलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. आता हेच साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आलं आहे. म्हणजे दुकानदाराने पेन ड्राइव्ह काढून दिला की काम संपलं, असं नाही. यंत्र कुणाचं, कुणाच्या ताब्यात, नीट चालत होतं का, हे लिहून सही करायची. शिवाय बहुतेक दुकानांतल्या यंत्रांत जुनं चित्रण थोड्या दिवसांनी आपोआप पुसून त्यावर नवं चढतं, त्यामुळे पोलिसांनी त्याआधी पोचायला हवं.

आणि मग तारखेला जायचं. पंचनाम्यासाठी परिसरातले प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून घ्यावेत असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०० सांगत होतं. प्रत्यक्षात ते बहुधा जवळचे दुकानदारच. पंचनामा होतो रात्री, खटला उभा राहतो काही वर्षांनी. तोवर आरोपी जामिनावर सुटून त्याच चौकात आलेला असतो, त्याचा भाऊ त्याच दुकानातून साखर नेत असतो. कादंबरीतली दुकानदारीण शेवटच्या पानावर खुन्याचं नाव घेते आणि पुस्तक मिटतं. इथल्या दुकानदाराला दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायचं असतं. पंच आणि साक्षीदार फितूर होतात त्याचं एक मोठं कारण हेच. महेंदर चावला प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य करून ती देशभर लागू केली. धोक्याचा अंदाज घेऊन पोलीस बंदोबस्त, घराजवळ गस्त, कॅमेरे, गरज पडल्यास ओळख लपवणं किंवा दुसरीकडे हलवणं, अशा सोयी तिच्यात आहेत. हलवणं सगळ्यांत सुरक्षित, आणि दुकानदाराला सगळ्यांत निरुपयोगी: ज्याचं गिऱ्हाईक, उधारी आणि पत एकाच चौकात अडकलेली, तो दुसऱ्या गावात जाऊन काय विकणार? त्याच्या उपयोगाची गस्त किंवा बंदोबस्त मिळायला योजनेतला अर्ज जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकरणाकडे वेळेत जायला हवा, आणि तो करता येतो हे साक्षीदाराला आधी कुणीतरी सांगायला हवं.